शंभर मीटर पाईप घ्यायचा, पण कोणत्या बोअरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिंपरी-चिंचवडमध्ये तुम्ही दोघं मित्र काचा धुण्याचं काम सुरू करताय. नऊ मीटरचा वॉटर-फेड पोल, म्हणजे ज्यातून टोकाच्या ब्रशपर्यंत पाणी चढतं तो लांब दांडा, घेतलाय. गाडीत टाकी, आरओ, डीआयची बाटली (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारी) आणि बारा व्होल्टचा, शंभर पीएसआयचा डायफ्रॅम पंप आहे. अडलंय ते पाईपवर. हार्डवेअरवाला म्हणतो अर्धा इंची ब्रेडेड घ्या, पाणी धो धो येईल. परदेशी व्हिडिओंत मात्र सगळे करंगळीएवढा पाईप ओढत फिरताना दिसतात. तेव्हा बोअर, म्हणजे आतला व्यास, कोणता, मटेरियल कोणतं, आणि शंभर मीटर लागतोच का?

आधी उत्तर देऊन टाकतो. आतला व्यास ८ मिमी, जाळीचा अपारदर्शक पाईप, साठ आणि चाळीस मीटरच्या दोन तुकड्यांत. रोज रीलवर फक्त साठचा तुकडा ठेवा. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं करा, फार चुकणार नाही. पण दुकानात गेल्यावर दुकानदार तुम्हाला यातल्या प्रत्येक शब्दावरून हलवायला बघेल, म्हणून कारणंही सांगतो.

ब्रशला किती पाणी लागतं, इथून सुरुवात करू. नेहमीच्या कामाला मिनिटाला दीड ते दोन लिटर पुरतं. त्याहून जास्त सोडलं तर काच लवकर स्वच्छ होत नाही, टाकी तेवढी लवकर संपते आणि रेझिनही. म्हणजे पाईपला फार पाणी वाहायचं नाहीये, मिनिटाला दोन लिटर ब्रशपर्यंत नेऊन सोडायचे आहेत. हार्डवेअरवाल्याच्या डोळ्यांसमोर बाग असते, गाडी धुणं असतं. आपलं काम वेगळं आहे.

आता या दोन लिटरचा हिशेब. शंभर मीटर लांबीच्या ६ मिमी पाईपमधून मिनिटाला दोन लिटर न्यायचे तर नुसत्या घर्षणात सुमारे चार बार दाब खर्च होतो. ८ मिमीमध्ये तोच खर्च एक बारवर येतो. अर्धा इंचीत जेमतेम ०.१२ बार. व्यास थोडा वाढला की घर्षण असं धाडकन पडतं, कारण ते व्यासाच्या चौथ्या घाताहूनही थोडं जास्त वेगाने कमी होतं. आता बाकीचा खर्च धरा. ब्रश दहा मीटरवर असेल तर पाणी वर चढवायला एक बार. पोलमधून जाणारी बारीक नळी, आतून ५ मिमीची, बारा मीटर धरली तर सव्वा बारच्या आसपास. जेट (ब्रशमधली पाणी सोडणारी भोकं) आणि जोड मिळून थोडंफार. तुमचा पंप शंभर पीएसआयचा, म्हणजे जास्तीत जास्त सात बारचा. शंभर मीटर ६ मिमी लावला की बेरीज साडेसहाच्या आसपास जाते. पंप अगदी टोकाला चालतो, प्रेशर स्विच टक-टक करत बंद-चालू होत राहतो, करंट जास्त खातो आणि दुपारपर्यंत बॅटरी बसते. ८ मिमी लावला की बेरीज साडेतीनच्या आत राहते. पंप निवांत.

मग अर्धा इंची घेतला तर आणखी चांगलं नाही का? नाही. ८ मिमीवरून अर्ध्या इंचावर गेल्याने तुम्ही एक बारसुद्धा वाचवत नाही, आणि तो एक बार तुमच्या पंपाला जड नाहीच आहे. वजन मात्र बघा. शंभर मीटर ८ मिमीच्या पाईपात पाच लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत बारा लिटरच्या वर. पाईपचं स्वतःचं वजन धरलं तर पाण्याने भरलेला ८ मिमी सोळा किलोच्या आसपास आणि अर्धा इंची तीसच्या आसपास जातो. हे वजन कुणी उचलत नाही, ओढतं. तेही पेव्हर ब्लॉकवरून, कुंड्यांना वळसा घालून, पार्किंगमधल्या खांबांभोवती, दिवसातून पन्नास वेळा. पहिल्या दिवशी काही वाटत नाही. पंधरा दिवसांनी ज्याच्या हातात पोल असतो त्याचा उजवा खांदा बोलायला लागतो.

मी हे काम ब्रिटनमध्ये शिकलो, लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये. तिथे २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले. शिडी टाळता येत असेल तर टाळा, असा त्यांचा रोख. त्यानंतर जमिनीवरून पोलने काचा धुणं फार वेगाने पसरलं. म्हणून व्हिडिओही बहुतेक तिथलेच सापडतात. ती माणसं कामात तरबेज आहेत, पण त्यांचा पाईप थंडीत काम करतो. जानेवारीत सकाळी तिथे पीव्हीसी इतका ताठ होतो की रीलवरून सुटताना वेटोळी तशीच राहतात. त्यामुळे त्यांची सगळी चर्चा थंडीत कोणता पाईप मऊ राहतो याभोवती फिरते. आपली अडचण बरोबर उलटी. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर पडलेला पाईप हाताला चटका देतो, मऊ पडतो आणि जोडाच्या जागी फुगतो. त्यांनी ‘मऊ, लवचिक, उत्तम’ म्हणून वाखाणलेला पाईप आपल्याकडे शेवयांसारखा होतो.

आता लांबी. इथे नवीन माणूस हमखास फसतो. समजा रीलवर शंभर मीटर आहे आणि तुम्ही फक्त वीस मीटर सोडला. घर्षण वीस मीटरचंच लागेल असं वाटतं. पण पाणी रीलवरच्या ऐंशी मीटरमधूनही फिरूनच येतं, सोडा नाहीतर गुंडाळून ठेवा. म्हणून साठ आणि चाळीस. पुण्याकडची बहुतेक कामं, म्हणजे बंगले, रस्त्यालगतचे शोरूम, दवाखाने, छोटी ऑफिसं, गाडी नीट लावली तर साठ मीटरमध्ये होतात. मोठ्या सोसायटीत किंवा आयटी कंपनीच्या आवारात गाडी आत सोडत नाहीत, तिथे चाळीसचा तुकडा जोडायचा. साठ मीटरच घ्यायचा आणि त्याहून लांब कधी जायचं नाही, अशी तुमच्या कामाची खात्री असेल तर ६ मिमीसुद्धा चालतो. घर्षण अडीच बारच्या आत राहतं आणि ओढायला तो पिसासारखा हलका. मी स्वतः बंगल्यांच्या कामाला तोच वापरतो. पण तुमचं काम कुठल्या दिशेने वाढेल हे अजून ठरलेलं नाही, म्हणून तुम्हाला आठचा सांगतोय.

दुकानात व्यास सांगताना नीट सांगा. हार्डवेअरच्या दुकानात अजून सूत चालतं. दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिमीच्या जरा वर. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी. आठ मिमी सुतात बसत नाही, त्यामुळे दुकानदार ‘तीन सूत घ्या की’ म्हणेल. तो अगदीच वाईट नाही, फक्त थोडा जड. पण खरी मेख न्यूमॅटिकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या, दुकानात आहे. मी परत आल्यावर पहिला पाईप तिथूनच आणला. निळा, गुळगुळीत, पॉलियुरेथेनचा. ८ मिमी मागितला, त्याने ८ मिमी दिला. शंभर मीटरचं बंडल, रोख पैसे. दुसऱ्या दिवशी साइटवर पंप चालू केला तर ब्रशमधून पाणी नळाच्या शेवटच्या धारेसारखं. फिल्टर उघडला, जेट साफ केले, पंप बदलायचासुद्धा विचार केला. संध्याकाळी पाईपचं टोक कापून पट्टी लावली तेव्हा कळलं. हवेच्या नळ्यांमध्ये ८ म्हणजे बाहेरचा व्यास, आतून त्या ५ मिमी असतात. शंभर मीटर ५ मिमीमधून दोन लिटर न्यायला नऊ बारच्या वर दाब लागतो. माझा पंप सातचा. दुकानदाराची काही चूक नव्हती, त्याच्या धंद्यात तसंच मागतात. तेव्हापासून मी खिशात ८ मिमीचा ड्रिल बिट घेऊन जातो आणि तो पाईपच्या तोंडात घालून बघतो. पोलमधली नळी मात्र याच दुकानातून घ्या, तिथे बाहेरून ८ आणि आतून ५ हेच माप हवं असतं.

पॉलियुरेथेन मुख्य पाईप म्हणूनही काही जण वापरतात, बाहेरून १२, आतून ८. हलका असतो, जमिनीवरून सर्रकन सरकतो, घासून झिजत नाही. घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी. ईथर जातीचा मागा. एस्टर जातीचा पाण्यात, त्यातही गरम पाण्यात, काही काळाने ठिसूळ होऊन तडकतो. हवेच्या कामाला ते चालून जातं, आपल्याला नाही. दुसरं म्हणजे त्यात जाळी नसते, आणि पॅकिंगवर लिहिलेला दाब साधारण खोलीच्या तापमानाला असतो. उन्हात तो बराच खाली येतो. मी ढगाळ दिवसांत आणि सकाळच्या कामात तो वापरला, उन्हाळ्यात नाही.

रबराचा पाईप उष्णतेला टिकतो, पण जड असतो आणि फिकट फरशीवर काळे ओरखडे उमटवतो. एका बंगल्याच्या पांढऱ्या पोर्चवरचे ओरखडे पुसायला आम्हाला काचांपेक्षा जास्त वेळ लागला होता. त्या दिवशी रबराला रामराम.

राहिला जाळीचा पीव्हीसी, ज्याला दुकानात ब्रेडेड म्हणतात. आत-बाहेर पीव्हीसी आणि मध्ये पॉलिस्टरच्या धाग्यांची वीण. ही वीण फक्त फुटू नये म्हणून नसते. साधा बागेचा पाईप दाबाखाली फुगतो आणि फुगा जसा हवा धरून ठेवतो तसा दाब धरून ठेवतो. तुम्ही पंप बंद केला तरी ब्रशमधून पाणी गळत राहतं, खाली दुकानदाराच्या पायरीवर. पंपाचा वेग सांभाळणारा कंट्रोलर असेल तर तोही गोंधळतो, कारण पाणी अडलंय हे तो दाब वाढण्यावरून ओळखतो. पाईप बदलला, लांबी बदलली की कंट्रोलर पुन्हा कॅलिब्रेट करायचा, हे विसरू नका. नवीन पाईप लावल्यावर ‘पंप खराब झाला’ म्हणून मला येणारे निम्मे फोन याच कारणाचे असतात.

नाशिक, सांगलीकडचे वाचत असतील तर त्यांच्या मनात एव्हाना फवारणीचा पाईप आला असेल. द्राक्ष, डाळिंबाच्या बागांत एचटीपी पंपाला लावतात तो, साडेआठ मिमी बोअरचा, शंभर मीटरच्या बंडलात. माप आपल्या कामाला जवळजवळ नेमकं आहे. घर्षण एक बारपेक्षा कमी, दाब सोसायची ताकद आपल्या गरजेच्या कितीतरी पट, आणि तालुक्याच्या गावातसुद्धा मिळतो. ताठ असतो, वळवताना थोडा रागावतो, पण आपल्या उन्हात तो ताठपणाच कामाला येतो. मी दोन वर्षं तोच वापरला आणि अडीअडचणीला अजूनही वापरतो. एकच अट, नवा कोरा घ्यायचा. शेतातला वापरलेला कुणी फुकट दिला तरी नको. औषधं पीव्हीसीमध्ये मुरतात, कितीही धुतला तरी वास जात नाही, आणि तुम्ही ते पाणी कुणाच्या तरी बाल्कनीत, तुळशीवर उडवणार आहात.

पारदर्शक पाईप घेऊ नका. दिसायला छान, आतलं पाणी दिसतं, पण ऊन लागलं की महिन्याभरात आतून हिरवा होतो. शेवाळाचे कण सुटून जेटमध्ये अडकतात, आणि जेटचं भोक दोनेक मिमीचं. अपारदर्शक आणि भडक रंगाचा घ्या. पिवळा सगळ्यात बरा. लोकांना दिसतो, पाय अडकत नाहीत.

पाईपात रात्रभर राहिलेल्या पाण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डीआयमधून शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं, पाणी निघालं तरी पाईपात उभं राहिल्यावर, त्यातही नव्या पीव्हीसीत आणि उन्हात, ते थोडं बिघडतं. सकाळी पहिलं पाणी मीटरने मोजा, तुम्हालाच कळेल. पहिल्या काचेवर डाग राहतात आणि माणूस रेझिन संपलं म्हणून बाटली बदलतो. आधी पाईप रिकामा करा. ८ मिमीच्या शंभर मीटरला मिनिटाला दोन लिटरने अडीच मिनिटं लागतात, अर्धा इंचीला सहाच्या वर. रोज सकाळी बारा लिटर शुद्ध पाणी गटारात, हाही अर्धा इंचीचा खर्चच. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर आरओ चालवत असाल तर हे बारा लिटर बनवायला किती पाणी वाया जातं, ते तुम्हाला माहीतच आहे.

जोड. पाईप क्वचितच मध्ये फुटतो, सुटतो तो जोडाशी. होज क्लिप स्टीलची, आणि पाईपचं टोक गरम पाण्यात धरून मगच निपलवर चढवा, नाहीतर वीण चिरते. लोखंडी किंवा गॅल्वनाइज्ड फिटिंग अजिबात नको. शुद्ध पाण्यात क्षार नसतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लही होतं. धातूला ते साध्या पाण्यापेक्षा जास्त खातं आणि गंजाचा पिवळा थेंब तुमच्या काचेवर येतो. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस वापरा. साठ आणि चाळीसच्या मधल्या जोडाला क्विक कपलिंग लावाल तेव्हा ते बारीक आणि गोल धारेचं निवडा. बागेच्या पाईपचे ते जाडे क्लिक-जोड प्रत्येक पायरीच्या कडेला अडकतात. आणि त्यांचं आतलं भोक तपासा. काही जोड पाईपपेक्षा अरुंद असतात, मग ८ मिमीचे पैसे देऊन तुम्ही चारमधून पाणी नेता.

रील गुंडाळण्याआधी दाब सोडा. पंप बंद, ब्रशकडचा जोड उघडा, मगच गुंडाळा. आणि गुंडाळताना ताणू नका. घट्ट गुंडाळलेला पाईप दुसऱ्या दिवशी दाबाखाली फुगून प्लॅस्टिकच्या रीलचा मधला ड्रम आवळतो. माझ्या एका रीलचा असाच चुरा झालाय.

पार्किंगमध्ये पाईपचा खरा शत्रू गाडीचं चाक. पाईप ओढताना तो टायर आणि फरशीच्या फटीत घुसतो आणि असा बसतो की दहा मीटरवरून कितीही झटका द्या, निघत नाही. दर वेळी चालत जाऊन सोडवायचा. आम्ही चार इंची ड्रेनेज पाईपचे हातभर तुकडे कापून, तळ बंद करून वाळू भरून ठेवलेत. कोपऱ्यावर आणि चाकासमोर एकेक उभा केला की पाईप त्याला घासून वळतो. खर्च नगण्य. सोसायटीच्या वॉचमनला सुरुवातीलाच चहा पाजा आणि सांगा, पाईपवरून गाडी गेली तर चालेल, पण पाईपवर गाडी थांबायला नको. एकदा एक पाण्याचा टँकर अर्धा तास थांबला होता. वीण तुटली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी लिंबाएवढा फुगा आला.

अर्धा इंची कुठे लागतो तेही सांगतो, नाहीतर मी त्याचा वैरी आहे असं वाटेल. नळापासून किंवा टँकरपासून तुमच्या टाकीपर्यंत, तिथे अर्धा किंवा पाऊण इंचीच हवा, टाकी लवकर भरायची असते. दुसरं, एकाच पंपावर दोन पोल चालवायचे झाले तर. मिनिटाला चार लिटर गेले की ८ मिमीच्या शंभर मीटरमध्ये घर्षण साडेतीन बारपर्यंत चढतं. मग गाडीपासून पाणी दोन पोलांकडे वाटणाऱ्या जोडापर्यंत अर्धा इंची आणि तिथून पुढे प्रत्येकी वीस मीटर ८ मिमी. सोलर पॅनेल धुण्याच्या मोठ्या कामांत आम्ही असंच करतो. जाडा पाईप एकदा टाकून ठेवायचा, हलवायचा नाही, फक्त बारीक पाईप फिरवायचा. पॅनेलचं काम पहाटेच उरका, दुपारी पॅनेलही तापलेलं असतं आणि पाईपही.

घेतलेला पाईप बरोबर आहे की नाही, हे बघायला पाण्याची एक लिटरची बाटली पुरे. ब्रश काढून पोलची नळी मोकळी करा. पोल पूर्ण उंचीला उभा करता येईल अशी गच्ची किंवा जिना शोधा. एकाने वर बाटली धरायची, दुसऱ्याने खाली घड्याळ. जमिनीवर मोजू नका, तिथे उंचीचा एक बार मोजायचा राहून जातो आणि आकडा खोटा सुखावतो. बाटली तीस ते चाळीस सेकंदांत भरली तर पाईप आणि पंपाचं जमलं. मिनिटभर लागत असेल तर पंपाला दोष देण्याआधी सगळे जोड काढून त्यांची भोकं बघा, मग रीलवरची लांबी कमी करून पुन्हा मोजा. आणि पोल उभा करण्याआधी वर वायर नाही ना, ते दोघांनीही बघा. कार्बन फायबर वीज वाहून नेतं.